गजाआडच्या माणसाचे मत

निवडणूक जवळ आली की आपल्या बेटावर घरोघरी मतदारयादीची चौकशी सुरू होते. आजीचे नाव आहे ना, नव्या सुनेचे नाव चढले ना, धाकट्याला अठरा पूर्ण झाली ना, असे एकमेकांना विचारले जाते. पण एखादे घर असे असते की तेथे एका नावाबद्दल शेजारी विचारीत नाहीत आणि घरचेही आपण होऊन बोलत नाहीत. ते नाव बो-बासँच्या तुरुंगात असलेल्या मुलाचे असते. त्याला शिक्षा झाली असेल किंवा खटला अजून उभाही राहिला नसेल. मतदानाच्या दिवशी तो कोठडीत आहे, एवढे पुरे होते. त्या दिवशी त्याला मत नाही.

“बरेच झाले! ज्याने कायदा मोडला त्याला कायदे करणारे निवडण्याचा हक्क कशाला?” असे आमचे पुष्कळ वाचक म्हणतील. हा प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेण्याचे कारण नाही. पण या एका प्रश्नाच्या पोटात तीन प्रश्न आहेत. शिक्षा झालेल्या कैद्याला मत असावे की नसावे? ज्याला अजून शिक्षा झालेलीच नाही, त्या कच्च्या कैद्याचे मत कशाबद्दल जावे? आणि ज्याला मत देता येत नाही, त्याला निवडणुकीला उभे राहता यावे काय? या तीन प्रश्नांची उत्तरे हॉलंडमध्ये एका तऱ्हेने दिली गेली आहेत, आपल्या पूर्वजांच्या महाराष्ट्रात दुसऱ्या तऱ्हेने आणि आपल्या बेटावर जवळजवळ महाराष्ट्रासारखीच. आधी हॉलंडकडे जाऊ, आणि तेही नायमेखन या शहरापासून सुरुवात करून. ते का, हे पुढे ध्यानात येईल.

वाल नदीकाठचे शहर

नायमेखन हे हॉलंडच्या पूर्व भागात, जर्मनीच्या सरहद्दीजवळ, वाल नदीच्या काठी वसलेले फार जुने शहर आहे. रोमन लोकांच्या काळापासून तेथे वस्ती आहे. दुसऱ्या महायुद्धात या शहराने फार सोसले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी अमेरिकन विमानांनी, म्हणजे मित्रांच्याच विमानांनी, चुकून केलेल्या बाँबवर्षावात तेथील सुमारे आठशे माणसे मेली.

या शहरात १९२३ साली एक कॅथलिक विद्यापीठ निघाले. आज ते राडबाउड विद्यापीठ म्हणून ओळखले जाते. त्याच्या सुरुवातीच्या प्राध्यापकांत विलेम पोम्पे नावाचे फौजदारी कायद्याचे एक तरुण पंडित होते. १९२८ साली ते युट्रेख्टला गेले आणि तेथे पुढे बान नावाचे मनोविकारतज्ज्ञ व केम्पे नावाचे गुन्हेशास्त्रज्ञ यांच्या जोडीने त्यांनी एक विचार मांडला, तो युट्रेख्टचा संप्रदाय म्हणून नावाजला. त्याचे सार असे की, गुन्हा करणारा हा कायद्याच्या पुस्तकातला एक आकडा नव्हे. तो आपल्यासारखाच माणूस आहे, त्याला शिक्षा करायची तीही माणूस म्हणूनच, आणि शिक्षा संपल्यावर त्याला परत यायचे आहे ते आपल्यातच.

पोम्पे १९६८ साली वारले. त्यांचे नाव आज नायमेखनमध्येच एका संस्थेला आहे. पोम्पे क्लिनिक हे साधे रुग्णालय नव्हे. गंभीर गुन्हा घडला त्या वेळी ज्याचे मन आजारी होते, असा निर्णय न्यायालयाने दिला आहे, अशा माणसाला तेथे बंदोबस्तात ठेवून उपचार करतात. न्यायाधीश त्याची मुदत एक-दोन वर्षांनी तपासतात, आणि धोका टळला नसेल तर वाढवतात. अशी माणसे तेथे वर्षानुवर्षे राहतात.

आता वाचकांनी मनाशी एक अंदाज बांधावा. कुलपाआड असलेल्या, गंभीर गुन्हा केलेल्या, मनाने आजारी अशा या माणसाला हॉलंडच्या निवडणुकीत मत असेल काय?

उत्तर आहे, होय. न्यायाधीशाने त्याचा मताधिकार नाव घेऊन काढला नसेल, तर त्याला मत आहे.

पूर्वी असे नव्हते

हॉलंडमध्ये हे पहिल्यापासून असेच होते, असे मात्र कोणी समजू नये. १९८३ पूर्वी तेथेही सरसकट नियम होता. एक वर्षाहून अधिक कैदेची शिक्षा झाली की मत आपोआप जात असे, आणि सुटून आल्यावरही तीन वर्षे परत मिळत नसे. गुन्हा कोणता, माणूस कसा, याची विचारपूस नव्हती.

या नियमात कोण सापडत असे, याचे एक उदाहरण सांगतो. एका माणसाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला पटत नाही म्हणून लष्करात नोकरी करण्यास नकार दिला. त्याला दीड वर्षाची कैद झाली. त्याने चोरी केली नव्हती की कोणाला मारले नव्हते. उलट बंदूक धरणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. तरी त्याचे मत गेले. त्याने युरोपच्या मानवी हक्क आयोगाकडे दाद मागितली. १९८३ साली आयोगाने ती नाकारली. काही शिक्षांबरोबर अप्रतिष्ठा येते आणि काही काळ ती मताधिकाराच्या आड येऊ शकते, असे आयोगाने मानले.

त्याआधी, १९७४ साली, आणखी एका माणसाची तक्रार याच आयोगाने फेटाळली होती. ती गोष्ट वेगळी होती. जर्मनांनी हॉलंड व्यापले असताना शत्रूला सामील झालेल्या लोकांवर युद्धानंतर खटले झाले आणि त्यांतल्या कित्येकांचा मताधिकार काढून घेण्यात आला, काहींचा तर जन्मभरासाठी. ज्यांनी देशाचा घात केला त्यांना देशाच्या कारभारात बोलू देऊ नये, ही भावना आपल्यालाही समजण्यासारखी आहे. नायमेखनसारख्या होरपळून निघालेल्या शहरात ती किती तीव्र असेल, हे निराळे सांगायला नको.

पण ही दोन माणसे शेजारी शेजारी उभी करून पाहा. एक शत्रूला मिळालेला, दुसरा बंदूक न धरणारा. पहिल्याचे मत का काढले, हे कोणालाही सांगता येते. दुसऱ्याचे का काढले, याला एवढेच उत्तर होते की त्याची शिक्षा एका वर्षाहून जास्त होती. सरसकट नियमाचा दोष हाच. तो माणूस पाहत नाही, महिने मोजतो.

१९८३ ची नवी घटना

१९८३ च्या फेब्रुवारीत हॉलंडची सुधारलेली राज्यघटना अमलात आली. तिच्या ५४ व्या कलमाने जुना नियम बदलला. आता कैद झाली म्हणून मत जात नाही. मत जाण्यासाठी तीन गोष्टी एकत्र याव्या लागतात. पहिली, गुन्हा कायद्याने खास नेमून दिलेल्या प्रकारांतला असला पाहिजे. म्हणजे राज्याच्या सुरक्षिततेविरुद्धचे गुन्हे, निवडणुकीतली लाचलुचपत व दडपशाही, दहशतवादी कृत्ये अशा तऱ्हेचे. दुसरी, शिक्षा निदान एक वर्षाची आणि अंतिम झालेली असली पाहिजे. आणि तिसरी, जी आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती ही की न्यायाधीशाने आपल्या निकालात “याचा मताधिकारही काढून घेत आहे” असे निराळे म्हटले पाहिजे. ठरावीक मुदतीची कैद असेल, तर ही बंदी कैदेपेक्षा किमान दोन आणि जास्तीत जास्त पाच वर्षे अधिक चालते. जन्मठेप असेल तर जन्मभर. अशी बंदी फारच क्वचित घातली जाते.

निवडणुकीला उभे राहण्याचे काय? तेथील घटनेच्या ५६ व्या कलमाने तेही सोपे करून टाकले आहे. जो नागरिक आहे, ज्याला अठरा वर्षे पूर्ण आहेत आणि ज्याचा मताधिकार काढलेला नाही, तो पार्लमेंटचा सभासद होऊ शकतो. म्हणजे मत देणे आणि मत मागणे हे दोन्ही हक्क एकाच दोरीत ओवलेले आहेत. एक तुटला तर दुसरा तुटतो. एक राहिला तर दुसरा राहतो.

मनाने आजारी माणसांच्या बाबतीत मात्र हॉलंडला आणखी वीस-पंचवीस वर्षे लागली. मनोविकारामुळे न्यायालयाने ज्यांच्यावर पालक नेमला आहे, त्या सर्वांना १९८३ च्या घटनेनेही मताबाहेर ठेवले होते. २००३ साली तेथील सर्वोच्च प्रशासकीय न्यायपीठाने असा सरसकट निर्बंध आंतरराष्ट्रीय कराराशी जुळत नाही असे ठरवले आणि २००८ साली तो घटनेतूनच काढून टाकण्यात आला.

मत कसे पडते?

कैदी मतदान केंद्रावर कसा जाणार, असा प्रश्न वाचकांच्या मनात आला असेलच. त्याची तोड अशी आहे. समजा, नायमेखनमधला एक तरुण चोरीच्या आरोपावरून कोठडीत आहे. निवडणुकीपूर्वी इतर मतदारांप्रमाणे त्याचेही मतदानाचे कार्ड नगरपालिकेकडून येते. त्याच्या मागील बाजूस सही करून तो आपल्या आईला, भावाला किंवा विश्वासातल्या दुसऱ्या मतदाराला आपल्या वतीने मत देण्याचा अधिकार देतो. सोबत आपल्या ओळखपत्राची प्रत देतो. आई स्वतःचे मत द्यायला जाते, त्याच वेळी मुलाचेही देते. एका माणसाला अशी दुसऱ्यांची दोनपेक्षा जास्त मते देता येत नाहीत. नाही तर एखादा दादा गठ्ठाच घेऊन यायचा! ज्या कैद्याला सुट्टीवर बाहेर जाण्याची मुभा असते, तो स्वतः केंद्रावर जाऊन लाल पेन्सिलीने आपले मत नोंदवू शकतो.

या व्यवस्थेत उणिवा नाहीत असे नाही. ज्याला बाहेर कोणी विचारणारे नाही, त्याने कार्ड कोणाच्या हाती द्यावे? आणि दुसऱ्याच्या हातून दिलेले मत गुप्त ते काय राहिले? आईने मुलाच्या सांगण्याप्रमाणेच खूण केली की स्वतःच्या मनाप्रमाणे, हे ती आणि देव जाणे. तरी तुरुंगाच्या भेटीच्या खोलीत बसून आई मुलाला विचारते, “कोणाला देऊ रे तुझे मत?” एवढ्यानेही काही साधत असेल, असे आम्हांला वाटते. त्या घटकेपुरता तो कैदी नसतो, घरातला एक मतदार असतो.

हॉलंडमध्ये आपल्यासारखीच हकीकत असलेली हजारो कुटुंबे राहतात, याचीही येथे आठवण करून द्यावीशी वाटते. १८७३ साली ‘लाला रुख’ जहाजातून गिरमिटावर सूरिनामला उतरलेल्या आणि त्यांच्यामागून गेलेल्या हिंदुस्थानी मजुरांचे ते वंशज. सूरिनाम १९७५ साली स्वतंत्र झाले, त्या सुमारास त्यांच्यातले पुष्कळ हॉलंडला जाऊन स्थायिक झाले. त्यांच्या एखाद्या मुलाचे पाऊल वाकडे पडले तर त्याला हाच कायदा लागू होतो. तोच मुलगा आपल्या बेटावर असता, किंवा बिहारात वा रत्नागिरीत असता, तर त्याचे मत त्याच दिवशी गेले असते.

महाराष्ट्रातला पेच

भारतात १९५१ चा लोकप्रतिनिधित्व कायदा आहे. त्याच्या ६२ व्या कलमाच्या पाचव्या पोटकलमाप्रमाणे, जो तुरुंगात आहे किंवा पोलिसांच्या कायदेशीर ताब्यात आहे, त्याला कोणत्याही निवडणुकीत मत देता येत नाही. शिक्षा झालेला आणि कच्चा कैदी असा भेद येथे नाही. सुटका आहे ती फक्त प्रतिबंधक स्थानबद्धतेत ठेवलेल्यांना. त्यांना टपालाने मत देता येते. जामिनावर बाहेर असलेला मात्र खुशाल मत देऊ शकतो. म्हणजे एकाच गुन्ह्याच्या आरोपात दोघे सापडले, एकाला जामीन भरायला पैसा होता आणि दुसऱ्याला नव्हता, तर पहिल्याला मत आहे आणि दुसऱ्याला नाही.

हे थोड्या लोकांपुरते आहे असे समजू नका. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ अखेर भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० माणसे होती. त्यांपैकी ४,३४,३०२ कच्चे कैदी होते, म्हणजे दर चारांत तीन. कायद्याच्या दृष्टीने ती सगळी माणसे त्या घटकेला निर्दोष होती.

आता निवडणुकीला उभे राहण्याचा कायदा पाहा. तो निराळाच आहे. १९५१ च्या कायद्याच्या आठव्या कलमाप्रमाणे दोन वर्षे किंवा अधिक शिक्षा झाली, तर शिक्षेच्या काळात आणि सुटल्यावर आणखी सहा वर्षे माणूस उमेदवारीला अपात्र ठरतो. पण शिक्षा झालेली नसेल, तर तो तुरुंगात बसून निवडणूक लढवू शकतो, निवडूनही येऊ शकतो! फक्त स्वतःला मत देऊ शकत नाही.

जॉर्ज फर्नांडिस यांचे नाव आमच्या वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल. मुंबईच्या कामगारांचे हे पुढारी १९६७ साली दक्षिण मुंबईतून स. का. पाटील यांना पाडून लोकसभेत गेले. आणीबाणीत बडोदा डायनामाइट खटल्यात ते पकडले गेले. १९७७ च्या मार्चमध्ये ते तुरुंगातूनच बिहारमधल्या मुझफ्फरपूरला उभे राहिले. हातात बेड्या घातलेले त्यांचे छायाचित्र मतदारांपुढे फिरले आणि ते तीन लाखांहून अधिक मतांनी निवडून आले. लाखो लोकांनी त्यांना मत दिले, पण कायद्याप्रमाणे त्यांना स्वतःला एक मत देण्याचीही मुभा नव्हती. २०१९ साली मराठवाड्यातल्या गंगाखेडमधून रत्नाकर गुट्टे असेच तुरुंगात असताना विधानसभेवर निवडून आले.

उलट बाजूचे उदाहरण नागपूर जिल्ह्यातले. सावनेरचे आमदार सुनील केदार यांना जिल्हा बँकेच्या प्रकरणात डिसेंबर २०२३ मध्ये पाच वर्षांची शिक्षा झाली आणि लागलीच त्यांची आमदारकी गेली. पूर्वी अशा लोकप्रतिनिधींना अपिलासाठी तीन महिन्यांचे संरक्षण असे. ते सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली लिली थॉमस खटल्यात रद्द केले. पुढे केदार जामिनावर सुटले. आता कायद्याचा खेळ पाहा. शिक्षा होऊन जामिनावर सुटलेल्या माणसाला मत आहे, उमेदवारी नाही. शिक्षा न झालेल्या, पण कोठडीत असलेल्या माणसाला उमेदवारी आहे, मत नाही.

सर्वांत मोठा पेच महाराष्ट्राच्या विधानभवनात पडला. १७ जुलै २०१७ रोजी राष्ट्रपतीची निवडणूक होती. छगन भुजबळ तेव्हा खटला चालू असल्यामुळे कोठडीत होते. न्यायालयाने परवानगी दिली आणि त्यांना तुरुंगातून विधानभवनात आणून मत देऊ दिले, कारण राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा कायदा वेगळा आहे. पाच वर्षांनी, १० जून २०२२ रोजी, राज्यसभेची निवडणूक झाली. अनिल देशमुख आणि नवाब मलिक हे दोन आमदार तेव्हा असेच कोठडीत होते. त्यांनीही परवानगी मागितली. ती नाकारली गेली, कारण येथे ६२ वे कलम आडवे आले. त्याच महिन्यातल्या विधान परिषदेच्या निवडणुकीतही तेच झाले. आणि २९ जूनला, उद्धव ठाकरे यांच्या सरकारची विधानसभेत बहुमत चाचणी ठरली तेव्हा, याच दोघांना सभागृहात येऊन मत देण्यास सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली! त्याच संध्याकाळी ठाकरे यांनी राजीनामा दिल्यामुळे ती चाचणी झाली नाही, ही गोष्ट वेगळी. पण एकाच माणसाने एकाच महिन्यात एकाच इमारतीत मत द्यावे की नाही, याची दोन उत्तरे मिळाली. साध्या माणसाने यातून काय समजावे?

जुनी वाट कोणाची?

या गुंत्याला सुरळीत करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. पाटणा उच्च न्यायालयाने २००४ साली म्हटले की ज्याला मत देता येत नाही, त्याला उभेही राहता येणार नाही. १० जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तेच मान्य केले. हॉलंडप्रमाणे दोन्ही हक्क एका दोरीत ओवण्याचाच हा विचार, पण उलट्या टोकाने. हॉलंडने दोन्ही हक्क राखले होते. येथे कच्च्या कैद्याचे दोन्ही गेले असते. मग सत्तेवरच्या पक्षाने विरोधकाला निवडणुकीच्या तोंडावर कोठडीत टाकले की त्याची उमेदवारीच खलास! हा धोका ओळखून पार्लमेंटने त्याच वर्षी कायदा दुरुस्त केला आणि कोठडीतल्याची उमेदवारी वाचवली. त्याचे मत वाचवण्याचे मात्र कोणाला सुचले नाही.

६२ व्या कलमाला १९९७ साली सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले होते. न्यायालयाने ते कलम योग्य ठरवले. कैद्यांच्या मतदानासाठी मोठा बंदोबस्त लागेल. आपल्या वर्तनामुळे तुरुंगात गेलेला माणूस बाहेरच्यांइतके स्वातंत्र्य मागू शकत नाही. गुन्हेगारांना निवडणुकीपासून दूर ठेवणे इष्ट आहे, अशी कारणे देण्यात आली. राजकारणात शिरलेल्या गुंडगिरीने भारतीय जनता किती त्रासली आहे, हे जाणणारा कोणीही शेवटचे कारण हलके मानणार नाही. पण गुंडगिरी थांबवायची तर उमेदवारावर निर्बंध हवेत. जामिनाला पैसे नाहीत म्हणून आत बसलेल्या हमालाचे मत काढून कोणता गुंड कमी झाला?

मुळात ही वाट इंग्रजांची. इंग्लंडच्या १८७० च्या कायद्याने बारा महिन्यांहून अधिक शिक्षा झालेल्या गुन्हेगारांचे मत काढले होते. साम्राज्य गेले तिथे हे विचारही गेले. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र २००० सालच्या कायद्यानंतर कच्च्या कैद्यांना टपालाने मत देता येते. शिक्षा झालेल्यांवरची तेथील सरसकट बंदी युरोपच्या मानवी हक्क न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी हर्स्ट खटल्यात चुकीची ठरवली. कैद्यांवर काहीच निर्बंध नको, असे न्यायालय म्हणाले नाही. गुन्हा कोणता, शिक्षा किती, हे काहीच न पाहता सर्वांना एका दांडक्याने हाकू नका, एवढेच त्याचे म्हणणे होते.

आणि आपले बेट?

मॉरिशसच्या घटनेचे ४३ वे कलम सांगते की बारा महिन्यांहून अधिक शिक्षा भोगत असलेल्याचे नाव मतदारयादीत येऊ शकत नाही. १८७० चे तेच बारा महिने! ३४ व्या कलमाप्रमाणे अशा माणसाला विधानसभेसाठी उभेही राहता येत नाही. ४४ वे कलम त्याहून पुढे जाते. मतदानाच्या दिवशी जो कायदेशीर ताब्यात आहे, त्याचे नाव यादीत असले तरी त्याला मत नाही. दोन महिन्यांची शिक्षा झालेला, दंड भरता न आल्यामुळे आत गेलेला, तात्पुरत्या आरोपावर धरलेला आणि खटल्याची वाट पाहणारा, सर्व एकाच ओळीत. आणि भारताप्रमाणेच, कोठडीतला कच्चा कैदी उमेदवार होऊ शकतो, मतदार होऊ शकत नाही.

हे आपल्याला का बोचावे? कारण मत म्हणजे काय, हे आपल्या घराण्यांना फार उशिरा आणि फार कष्टाने कळले. १९४७ पर्यंत या बेटावर जेमतेम बारा हजार मतदार होते. उसाच्या शेतात राबणाऱ्याला मत नव्हते. मालमत्ता नव्हती आणि अक्षर येत नव्हते. त्या वर्षी नियम सैल झाला. बेटावरच्या एखाद्या भाषेत साधे लिहिता-वाचता येणाऱ्याला मत मिळेल असे ठरले. मग पंडित बासुदेव बिसुनदयाळ यांचे स्वयंसेवक गावोगाव गेले, दिवसभर ऊस तोडून आलेल्या माणसांना कंदिलाच्या उजेडात नाव लिहायला शिकवू लागले. १९४८ च्या निवडणुकीला मतदार सत्तर हजारांच्या वर गेले. आणि ज्या पंडितजींनी ही अक्षरे शिकवली, ते स्वतः सरकारच्या रोषामुळे अनेकदा तुरुंगात गेले होते. तुरुंगात गेलेला प्रत्येक जण मताला नालायक, असे म्हणणाऱ्याने याचाही विचार करावा.

त्या काळी सरकार म्हणत असे, तुम्हांला मत नाही कारण तुम्ही अडाणी आहात. कोणी एकेकाला बसवून “तुला खरेच कळत नाही काय?” असे विचारले नव्हते. सगळ्यांना एकच शिक्का मारून टाकला होता. तो शिक्का पुसायला आपल्या आजा-पणजांनी बोटे दुखेपर्यंत पाटीवर अक्षरे गिरवली. आज तसाच सरसकट शिक्का आपण तुरुंगातल्या माणसांवर मारतो, आणि त्यांतले कित्येक अजून दोषी ठरलेले नसतात.

आमचे म्हणणे प्रत्येक खुन्याच्या हाती मतपत्रिका द्यावी असे नाही. ज्यांचे माणूस गेले, घर लुटले गेले, त्यांचा राग आम्हांला समजतो. निवडणूकच विकत घेणाऱ्याला, देशाचा घात करणाऱ्याला काही वर्षे मताबाहेर ठेवण्यातही गैर नाही. हॉलंडही तेच करतो. पण ते न्यायाधीशाने त्या माणसाकडे पाहून, कारण देऊन, आपल्या तोंडाने सांगावे. तुरुंगाचे दार लागले म्हणून आपोआप होऊ नये. तुरुंग माणसाची वाट अडवतो, ती अडवलीच पाहिजे. माणसांतली त्याची जागाही काढून घ्यायची असेल, तर ती निराळी शिक्षा आहे आणि तिचा निकाल निराळा दिला पाहिजे.

निदान एक गोष्ट तर लागलीच करता येण्यासारखी आहे. ज्यांना शिक्षा झालेली नाही, त्या कच्च्या कैद्यांसाठी तुरुंगात एक मतपेटी ठेवावी किंवा घरच्या माणसाकरवी मत देण्याची सोय करावी. आपले बेट लहान आहे, तुरुंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. त्यासाठी घटनेचे ४४ वे कलम बदलावे लागेल, आणि ते काम सभागृहात बसणाऱ्यांचे आहे. पुढच्या निवडणुकीत ते हात जोडून आपल्या अंगणात येतीलच. रस्ता, पाणी, पेन्शन यांबद्दल आपण त्यांना विचारतोच. तेव्हा हेही विचारावे. आणि ज्या घरातले एक नाव कोणी विचारीत नाही, त्या घरच्या आईलाही एकदा विचारावे, “मुलाची तारीख कधी आहे? त्याचे नाव यादीत आहे ना?”